हृदयाची गोळी आणि यीस्टची पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एस्सी.च्या वर्गात पेशीची अंगकं शिकवताना मी अमिओडॅरोन या, हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारणाऱ्या औषधाचं उदाहरण हमखास घेते. तास संपला की प्रश्न सुरू होतात, आणि ते फक्त मुलांचे नसतात. कुणाच्या आजोबांना ही गोळी चालू असते, कुणाची आई बेकिंग करते. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

यीस्टला हृदय नाही, मग त्याला हृदयाचं औषध देऊन काय मिळतं?

हृदय नाही म्हणूनच द्यायचं. माणसाच्या शरीरात अमिओडॅरोन इतक्या ठिकाणी हात घालतं की कुठला परिणाम कशामुळे झाला ते सुटं करता येत नाही. यीस्ट म्हणजे एकच पेशी. तिला ना ठोके आहेत, ना थायरॉइड, ना फुप्फुस. पण केंद्रक, तंतुकणिका, गॉल्जी, आंतर्द्रव्यजालिका, रिक्तिका असा आपल्या पेशीतला बहुतेक संसार तिच्यातही आहे. औषधाचं नेहमीचं गिऱ्हाईक समोर नसताना ते पेशीच्या आत काय करतं, ते इथे उघडं पडतं.

शिवाय पावात घालतो त्या यीस्टचा, सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचा, जनुकसंच १९९६ सालीच पूर्ण वाचून झाला आहे. जनुकं सुमारे ६,०००. दर दीड-दोन तासांनी पेशी दुप्पट होतात, खर्च फारसा नाही आणि नीतिमत्ता समितीची परवानगी लागत नाही.

हे औषध मुळात आलं कुठून?

ओव्याच्या कुळातल्या एका झाडापासून. इजिप्तमध्ये ‘खेला’ नावाची वनस्पती मुतखड्यावर पूर्वापार वापरतात. तिच्या वाळक्या फुलदांड्यांच्या दातकोरण्याही करतात. १९४०च्या दशकात कैरोत ग्लेब फॉन अनरेप हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांच्याकडचा एक तंत्रज्ञ स्वतःच्या दुखण्यासाठी खेलाचा अर्क घेत होता आणि त्याच्या छातीतल्या कळाही थांबल्या. अनरेप यांनी धागा धरला. पुढे बेल्जियममधल्या लाबाझ कंपनीत त्या अर्कातल्या खेलिन या रेणूवरून नवे रेणू बनवायचं काम सुरू झालं आणि १९६१ साली अमिओडॅरोन तयार झालं, तेही छातीतल्या कळांवरचं औषध म्हणून.

ठोक्यांची लय सुधारण्याचा गुण नंतर कळला. फिजीत जन्मलेले ब्रह्मा सिंग तेव्हा ऑक्सफर्डमध्ये व्हॉन विल्यम्स यांच्याबरोबर काम करत होते. त्यांनी १९७० साली तो दाखवून दिला. अमेरिकेत परवानगी मिळायला १९८५ उजाडलं. म्हणजे मुतखड्यावरून छातीतल्या कळा, कळांवरून ठोके, आणि आता बुरशी. एका झाडाने किती कामं करावीत!

बुरशीशी संबंध कुणी जोडला?

अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठातल्या विल्यम कूर्शेन यांनी २००२ साली दाखवलं की अमिओडॅरोन अनेक जातींच्या बुरशी मारतं, नुसती त्यांची वाढ थांबवत नाही. पुढच्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रजिनी राव यांच्या गटाने ते कसं मारतं याचा मोठा भाग उलगडला. खालची बरीचशी माहिती त्यांच्या कामातून आलेली आहे.

औषध घातल्यावर पेशीत सगळ्यात आधी काय होतं?

कॅल्शियम आत घुसतं, तेही काही सेकंदांत.

हे दिसतं कसं, ते बघण्यासारखं आहे. एका जेलीफिशमध्ये एक्वोरिन नावाचं प्रथिन असतं आणि कॅल्शियम भेटलं की ते निळसर प्रकाश देतं. त्याचं जनुक यीस्टमध्ये घालतात. मग नळीत यीस्ट, नळी अंधाऱ्या पेटीत, आणि पेटीत प्रकाशाचे कण मोजणारं यंत्र. औषध सोडेपर्यंत पडद्यावरची रेघ जमिनीला चिकटून सरपटत असते. औषध पडलं की ती उभी चढते, खाली येते, पण पूर्वीच्या पातळीला परत जात नाही. थोडी वरच रेंगाळते.

त्या एका रेघेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला उंच सुळका म्हणजे बाहेरच्या पाण्यातून आत आलेलं कॅल्शियम. मात्रा जितकी जास्त तितका सुळका उंच. नंतरचं रेंगाळणं हे पेशीच्या स्वतःच्या कोठारातून, म्हणजे रिक्तिकेतून, वायव्हीसी१ नावाच्या दारातून गळणारं कॅल्शियम. बाहेरून आत येणाऱ्या कॅल्शियमवर ते अवलंबून नसतं. चोर बाहेरून आला आणि घरातलं कपाटही उघडून बसला, असा प्रकार.

मला यात सगळ्यात गंमत वाटते ती वेगळीच. हृदयाच्या पेशीत हेच औषध पोटॅशियमची दारं अडवतं, सोडियमची अडवतं, काही प्रमाणात कॅल्शियमचीही. तिथे ते दारं बंद करणारं औषध म्हणून प्रसिद्ध आहे. आणि यीस्टमध्ये त्याच्यामुळे कॅल्शियमचा लोंढा येतो.

असं उलटं का होतं?

कारण यीस्टमध्ये त्याचं पहिलं काम पेशीपटलावर चालतं. या रेणूचा एक भाग तेलकट आहे आणि दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा धन प्रभार असतो. असे रेणू पटलाच्या चरबीत रुतून बसतात. राव यांच्या गटाने २००९ साली दाखवलं की अगदी थोड्या मात्रेतही पेशीच्या आतली बाजू नेहमीपेक्षा जास्त ऋण होते. मात्रा वाढवली की ही स्थिती टिकत नाही, ढासळते, आणि त्याच वेळी कॅल्शियम आणि हायड्रोजनचे धन आयन आत ओढले जातात. पेशी मरतात त्या या टप्प्यावर.

याचा पडताळा साधा आहे. पाण्यात क्षार घातले किंवा ग्लुकोज काढून घेतलं की पटलावरचा विद्युतदाब उतरतो, आणि यीस्ट त्या औषधातून वाचतं. उपाशी आणि खारट यीस्ट जास्त चिवट, असं मी वर्गात सांगते. मुलांना ते लक्षात राहतं.

थोडं कॅल्शियम वाढलं तर एवढं बिघडलं काय? आपण तर त्याच्या गोळ्या खातो.

पोटात जाणं वेगळं आणि पेशीद्रव्यात मोकळं फिरणं वेगळं. पेशीद्रव्यात मोकळं कॅल्शियम फार म्हणजे फार कमी ठेवलेलं असतं, बाहेरच्या पाण्याच्या हजारो पटींनी कमी. कारण पेशीला ते निरोप म्हणून वापरायचं असतं. घरात सतत घंटा वाजत राहिली तर दारावर कोण आलं ते कळणार कसं?

म्हणून यीस्टने कॅल्शियम उपसायला चांगली यंत्रणा बसवली आहे. रिक्तिकेवर पीएमसी१ हा पंप आणि व्हीसीएक्स१ हा अदलाबदल करणारा वाहक, गॉल्जीवर पीएमआर१ हा आणखी एक पंप. शिवाय कॅल्सिन्यूरिन नावाचं विकर गजर ऐकून केंद्रकाला निरोप पाठवतं की पंप वाढवा. (अवयव प्रत्यारोपणानंतर देतात ती सायक्लोस्पोरिनची गोळी माणसात हेच कॅल्सिन्यूरिन अडवते.) यांतलं कॅल्सिन्यूरिन काढून टाकलं, किंवा पंप काढले, की तेवढ्याच औषधाने पेशी लवकर मरते. पेशीद्रव्यात कॅल्शियम जितकं तुंबतं, तितकी ती औषधाला नाजूक.

रिक्तिका म्हणजे ‘रिकामी जागा’ ना? तिला एवढं महत्त्व कशाला?

नाव फसवं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ती मोकळी दिसते म्हणून कुणीतरी रिक्तिका म्हटलं आणि तेच पुस्तकांत रुजलं. यीस्टची रिक्तिका म्हणजे कोठीघर, मोरी आणि भंगाराचं दुकान एकाच खोलीत. कॅल्शियम, फॉस्फेट, अमिनो आम्लं ती साठवते. जुनी प्रथिनं तिथेच मोडीत निघतात. आपल्या पेशीत जे काम लयकारिका करते ते इथे रिक्तिका करते. पेशी उपाशी पडली की स्वतःचेच तुकडे रिक्तिकेत नेऊन पचवते, हे योशिनोरी ओसुमी यांनी साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकातून यीस्टमध्ये पाहिलं. त्या कामाला २०१६चं नोबेल मिळालं. रिकाम्या जागेला नोबेल मिळत नाही.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट ही, की तिच्या पटलावर प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन आयन, आत ढकलणारा एक पंप अखंड चालू असतो आणि त्यामुळे तिच्या आतलं पाणी पेशीद्रव्यापेक्षा आम्लधर्मी राहतं. अमिओडॅरोनसारखा अल्कधर्मी रेणू प्रभार नसताना पटलातून सहज आत सरकतो. आत आम्ल भेटलं की त्याला प्रोटॉन चिकटतो, तो प्रभारित होतो, आणि मग त्याच वाटेने परत येणं त्याला जड जातं. उंदराच्या पिंजऱ्याचं दार जसं एकाच बाजूला उघडतं, तसं.

मग रिक्तिकेतलं आम्लच काढून टाकलं तर औषध अडकणार नाही आणि पेशी वाचेल, बरोबर?

दर वर्षी वर्गातलं कुणी तरी हुशार पोर हे विचारतं. तर्क सरळ आहे आणि उत्तर उलटं.

२००३ साली राव यांच्या गटाने जवळपास ५,००० यीस्टचे वाण तपासले. प्रत्येक वाणात एकेकच जनुक खोडलेलं. छोट्या छोट्या खाचांच्या तबकड्यांत ते वाढवायचे, अमिओडॅरोन घालायचं आणि कोण नेहमीपेक्षा लवकर कोलमडतो ते टिपायचं. असे ३६ वाण निघाले. आणि त्यांत रिक्तिकेचा तोच प्रोटॉन पंप मोडलेले वाण होते. म्हणजे आम्ल गेलेली पेशी वाचली नाहीच, जास्त लवकर गेली.

का? व्हीसीएक्स१ हा वाहक कॅल्शियम रिक्तिकेत ढकलतो तो प्रोटॉन बाहेर सोडण्याच्या बदल्यात. प्रोटॉनची साठवण नसेल तर त्याच्या हातात द्यायला काही उरत नाही आणि कॅल्शियम पेशीद्रव्यात तुंबतं. त्या गटाने असा एक वाण तपासला तेव्हा त्याचा कॅल्शियमचा तोल बिघडलेलाच सापडला. रिक्तिकेत औषध अडकणं ही पेशीची दुखरी बाजू असेलही, पण आम्लाशिवाय जगणं त्याहून महाग पडतं. परीक्षेत या प्रश्नाला ‘पेशी वाचेल’ लिहिणाऱ्यांचे गुण मी कापते, पण अर्धेच.

त्या ३६ जणांच्या यादीत आणखी कोण होतं तेही बोलकं आहे. पीएमआर१ हा गॉल्जीचा पंप. औषधं बाहेर फेकणारा पीडीआर५ हा वाहक. पेशीतल्या पुटिकांची, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्यांची, ने-आण करणारी व्हीपीएस४५ आणि आरसीवाय१ ही जनुकं. आणि अर्गोस्टेरॉल बनवणारी तीन जनुकं. आपल्या पटलात जसं कोलेस्टेरॉल असतं तसं बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल. यादी नुसती वाचली तरी हा घाव पटलं, त्यांच्यातली वाहतूक आणि कोठारं यांवर पडतो हे कळतं.

तंतुकणिकांवर काय परिणाम होतो?

निरोगी यीस्टमध्ये तंतुकणिका सुट्या शेंगदाण्यांसारख्या नसतात, पाठ्यपुस्तकातल्या चित्राने आपला तो समज करून दिलेला आहे. त्या लांब धाग्यांच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात. मॉस्को विद्यापीठातल्या एका गटाने २००५ साली दाखवलं की अमिओडॅरोननंतर हे धागे तुटून त्यांचे दाणे होतात.

त्यांनी लावलेला क्रम असा. कॅल्शियम वाढतं, तंतुकणिका जोरात श्वसन करू लागतात, त्यांच्या पटलावरचा विद्युतदाब चढतो, ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात, आणि शेवटी पेशी ठरल्या मार्गाने मरते. गंमत म्हणजे जोडीदार पेशी मीलनासाठी सोडते त्या संप्रेरकाचा डोस यीस्टला भरमसाट दिला तरी जवळपास हाच क्रम दिसतो. म्हणजे पेशीत मरणाची वाट आधीपासून आखलेली आहे, औषध फक्त तिच्यावर ढकलतं.

हे सगळं सूक्ष्मदर्शकात दिसतं का?

कॉलेजच्या ४०० पट दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकात यीस्टची पेशी आणि तिच्यातली रिक्तिका दिसते. पेशी साधारण ५ मायक्रोमीटरची, आपल्या तांबड्या रक्तपेशीहून जरा लहान. रिक्तिका म्हणजे आतला फिका गोल. तंतुकणिका मात्र अशा दिसणार नाहीत, त्याला चमकणारे रंग लागतात.

मी पहिल्यांदा रंगवलेली रिक्तिका पाहिली तो दिवस आठवतो. एफएम४-६४ नावाचा रंग पेशी बाहेरून गिळते आणि तो तासाभरात रिक्तिकेच्या पटलावर जाऊन बसतो. अंधाऱ्या खोलीत डोळा लावला तर काळ्या पडद्यावर लाल कड्या. प्रत्येक पेशीत एखादी मोठी, कुठे दोन-तीन लहान, आणि एका पेशीतून नुकती फुटलेली कलिका, तिच्यात आईकडून निघालेला लाल धागा शिरत होता. मी माझ्या गाइडना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “हं. आता प्रयोग कर.” त्याच काचेवर पाण्यात जास्त मीठ सोडलं तर मोठी कडी फुटून लहान लहान कड्या होतात, हे नंतर कितीदा तरी पाहिलं.

माणसाच्या पेशीतही हेच होतं का?

जसंच्या तसं नाही, पण नातं आहे. आपल्या लयकारिका यीस्टच्या रिक्तिकेपेक्षा पुष्कळच जास्त आम्लधर्मी, त्यामुळे औषध तिथे साचायला जागा आणखी सोयीची. ते तिथे साचतं आणि चरबीचे रेणू मोडणाऱ्या विकराला अडवतं. न मोडलेली चरबी कांद्याच्या पापुद्र्यांसारखी थरावर थर साठत जाते. हे औषध घेणाऱ्यांच्या फुप्फुसातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात त्या यामुळे. डोळ्याच्या पारपटलावर बारीक कण जमतात तेही याच कुळातलं.

अशा तेलकट-प्रभारित रेणूंची जातच मोठी आहे. सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध त्यातलंच. यीस्टमध्ये तेही आतल्या पटलांत साचतं आणि पेशी स्वतःचे भाग पचवायला लागते, असं २०१२ साली दाखवलं गेलं. यीस्टला ना नैराश्य, ना हृदय. तरी दोन्ही औषधं त्याच्या पटलांना सारखीच छळतात.

थायरॉइडचा त्रासही यीस्टवरून कळतो?

नाही. तो आयोडीनचा मामला आहे. या रेणूच्या वजनात सुमारे ३७ टक्के आयोडीन असतं. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम. दिवसाची गरज त्याच्या शेकडो पटींनी कमी. थायरॉइड नसलेल्या यीस्टला इथे विचारण्यात अर्थ नाही.

मग बुरशीच्या आजारावर अमिओडॅरोन का देत नाहीत?

प्रयोगशाळेत कल्पना छान चालली. फ्लुकोनॅझोलसारखी औषधं अर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत, पण बहुधा बुरशीची वाढ नुसती थोपवतात. त्यांच्यासोबत अमिओडॅरोन अगदी थोडं घातलं तर बुरशी मरते. एकाने भिंत ठिसूळ करायची, दुसऱ्याने धक्का द्यायचा.

पण रोग्याच्या शरीरात गणित बदलतं. रक्तातलं सुमारे ९६ टक्के अमिओडॅरोन प्रथिनांना चिकटलेलं असतं, बुरशीसाठी मोकळं थोडंच उरतं. मात्रा वाढवावी तर हृदय, फुप्फुस, यकृत, थायरॉइड सगळे रांगेत उभे. आणि औषध शरीरातून जाता जात नाही. निम्मं उतरायला सरासरी ५८ दिवस लागतात. शिवाय फ्लुकोनॅझोल आणि अमिओडॅरोन दोन्ही हृदयाच्या विद्युतचक्राचा एक टप्पा लांबवतात, आणि ती जोडी ठोके बिघडवू शकते. काचेच्या नळीतली दोस्ती रोग्याच्या छातीत धोक्याची.

एका ठिकाणी मात्र या कल्पनेला खरा आधार आहे. दक्षिण अमेरिकेत चागास हा परजीवीमुळे होणारा आजार हृदय पोखरतो, आणि तिथे ठोक्यांसाठी अमिओडॅरोन आधीपासून देतातच. व्हेनेझुएलातल्या गटाने २००६ साली दाखवलं की ते त्या परजीवीच्याही कॅल्शियमचा तोल बिघडवतं आणि त्याचं अर्गोस्टेरॉल बनवणंही रोखतं.

घरात अमिओडॅरोन चालू आहे. पाव, इडली, ताक चालेल? नायट्याची गोळी?

पावातलं यीस्ट भट्टीतच मरतं. इडली-ताकाचा इथे काही संबंध नाही. नायट्याच्या किंवा इतर बुरशीच्या गोळीबद्दल मात्र डॉक्टरांना आधी सांगा, की हृदयाची ही गोळी चालू आहे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नका. आणि हे वाचून हृदयाची गोळी बंद करू नका. जिथे तिची गरज असते तिथे ती जीव वाचवते.

गोळीही घरात आहे, ड्राय यीस्टचं पाकीटही. करून पाहू का?

नको. गोळी मोजून आणलेली असते, आणि ती पाण्यात नीट विरघळतही नाही. नुसता गढूळ राडा होईल.

पण रेणू आत शिरून अडकतो कसा ते पाहायचंच असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्यूट्रल रेड मागा. तो रंगही अल्कधर्मी आणि त्याची वाटही तीच. लाल कांद्याचा नको, पांढऱ्या कांद्याचा पापुद्रा घ्या, रंगाच्या अगदी फिक्या पाण्यात काही मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्यात धुवा. बाजूचं पाणी स्वच्छ होईल. पेशीतली मोठी रिक्तिका मात्र गुलाबी-लाल होऊन बसलेली असेल, आणि कितीही धुतलं तरी लगेच उतरणार नाही.